पानं किती धरायची? अंदाज नीट कसा बांधायचा

भाचीच्या लग्नाला दोन महिने होते तेव्हा केटररचा फोन आला, "दादा, पानं किती धरू? आकडा सांगा म्हणजे मालाचं बघतो." ताई पटकन म्हणाली पाचशे. दाजी म्हणाले पाचशेत काय होतंय, आठशे तरी धर, आपलं गाव आहे. मग अर्धा तास साडेपाचशे, सातशे, सहाशे असं चाललं आणि शेवटी सहाशेवर मिटवलं. मी तेव्हा काही बोललो नाही पण रात्रभर ते डोक्यात राहिलं, कारण सहाशे हा आकडा आला कुठून तर कुठूनच नाही, दोघांच्या ओढाताणीत जिथे थांबलो तिथला तो आकडा.

आणि हे फक्त लग्नाचं नाही. घर बांधायला किती लागतील, ऑपरेशनचा खर्च किती येईल, ऊस किती टन निघेल, नवी नोकरी किती महिन्यांत लागेल, आपण सगळीकडे असाच एक आकडा बोलतो आणि मग त्यावर कर्ज काढतो, तारखा ठरवतो, लोकांना शब्द देतो. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो कारण अंदाज चुकला की भोगतो घरातला प्रत्येक जण. तर त्या लग्नाच्या निमित्ताने आम्ही अंदाज कसा बांधला ते सांगतो, त्यातच सगळा विषय येतो.

दुसऱ्या दिवशी मी ताईला म्हटलं, थोरल्याच्या लग्नातली आहेराची वही काढ. २०१९ ला तिच्या मोठ्या मुलाचं लग्न झालं होतं, गाव तेच, भावकी तीच, कार्यालयही जवळपास तेवढंच. तेव्हा पत्रिका वाटल्या होत्या ३१० आणि आहेराच्या वहीत नावं होती २०८, म्हणजे शंभर घरांना बोलावलं तर साधारण ६७ घरं आली. आहेर न देता जेवून गेलेले असतातच, पण काहीच हातात नसण्यापेक्षा हे खूप झालं. आता या वेळी पत्रिका ३४० होत्या, तर दोनशे-सव्वादोनशे घरं येतील एवढं तरी वहीच सांगते, आपण कोणी काही डोकं चालवायच्या आधीच.

अंदाजाची पहिली पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. आपण आपल्याच कामाकडे आतून बघतो, आपला प्लॅन, आपली माणसं, आपला उत्साह, आणि त्यातून आकडा काढतो. त्याऐवजी आधी बाहेरून बघायचं, की असं काम आधी ज्यांनी ज्यांनी केलं त्यांचं काय झालं. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीवर लिहिलं होतं, की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ आणि खर्च कमीच धरतो, आणि आधीच्या अशाच कामांना उशीर झाल्याचं माहीत असूनही कमी धरतो. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणजे माहिती नसते असं नाही, माहिती असते पण ती आपल्याला लागू आहे असं वाटत नाही.

आपल्याकडचीच उदाहरणं बघा. वांद्रे-वरळी सागरी सेतूचं भूमिपूजन १९९९ ला झालं तेव्हा खर्च ६६० कोटी आणि पाच वर्षांत पूल तयार असं ठरलं होतं, तो उघडला जून २००९ मध्ये आणि खर्च गेला १,६०० कोटींवर. भंडाऱ्याचा गोसीखुर्द प्रकल्प १९८३ ला मंजूर झाला तेव्हाचा आकडा ३७२ कोटी होता, पुढे सुधारित आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. आता यात महागाई आली, भूसंपादन आलं, कोर्टकचेऱ्या आल्या, पुनर्वसन आलं, प्रत्येक कारण खरंच आहे. पण मोठ्या कामांत अशी काही ना काही कारणं येतातच, ती कुठली येतील ते सांगता येत नाही एवढंच. म्हणून घर बांधायला काढलं असेल तर आर्किटेक्टच्या कागदावरचे आठ महिने वाचण्याआधी गल्लीत गेल्या पाच वर्षांत घर बांधलेल्या चार जणांना विचारा, ठरले किती होते आणि लागले किती. त्यांच्या उत्तरापासून सुरुवात करा, मग तुमचं काम कुठे वेगळं आहे ते बघून थोडं खालीवर करा. उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी स्वतःचा आकडा आणि मग लोकांचं ऐकणं, तर आपला आकडा हलत नाही.

बरं, वहीने घरं सांगितली, माणसं नाही सांगितली. आणि प्रत्येक घर सारखं नसतं. मग आम्ही पत्रिकांची यादी घेऊन बसलो आणि तिचे गट पाडले. जवळचे नातेवाईक ६० घरं, ते येणार, दहातली नऊ घरं धरली आणि घरटी चार माणसं, झाले २१६. भावकी आणि गाव ११० घरं, त्यातली सत्तर टक्के धरली पण गावाकडून लग्नाला घरटी एक किंवा दोनच माणसं येतात, दीड धरलं, ते झाले साधारण ११५. दाजींच्या ऑफिसातले ५०, निम्मे येतील, काही जोडीने, ३८. मुलीचे मित्र-मैत्रिणी ४०, त्यातले २४. सोसायटी आणि ओळखीपाळखीची ८० घरं, चाळीस टक्के, दोन-दोन माणसं, ६४. आणि मुलाकडचं वऱ्हाड, त्यांनी दीडशे सांगितलं होतं पण थोरल्याच्या लग्नात आम्हीच मुलीकडच्यांना सव्वाशे सांगून जास्त माणसं घेऊन गेलो होतो हे ताईलाच आठवलं, म्हणून १७० धरले. सगळे मिळून ६२७. घरांची बेरीज पण करून बघितली, आमच्याकडची २१२ घरं येत होती, वहीवाल्या हिशोबाशी जुळत होती. नसती जुळली तर कुठेतरी गडबड आहे हे तिथेच कळलं असतं.

तुकडे पाडल्याने काय होतं ते नीट समजून घ्या. प्रत्येक तुकड्यात चूक होणारच, पण कुठे जास्त धरलं जातं कुठे कमी आणि बेरजेत त्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. एकच मोठा आकडा एकदम बोललात तर हा फायदा मिळत नाही. दुसरं म्हणजे भांडण नेमकं होतं. "पाचशे की आठशे" यावर बोलण्यासारखं काही नसतं, पण "गावाकडून घरटी दीड की दोन" यावर दाजींना खरंच काहीतरी माहीत असतं.

पण यात एक खोच आहे. चुका एकमेकींना खातात त्या वेगवेगळ्या कारणांनी झाल्या तरच. त्या दिवशी धो धो पाऊस पडला किंवा गावात त्याच मुहूर्तावर दुसरं मोठं लग्न निघालं तर सगळेच गट एकदम खाली येतील, मग बेरीज कसली सांभाळून घेते. बँका, शेअर बाजार, शेती, सगळीकडे मोठे फटके असेच बसतात, दहा गोष्टी सुट्या वाटत असतात आणि एका कारणाने दहाही एकाच बाजूला पडतात. म्हणून गट पाडून झाले की स्वतःला विचारायचं, अशी कुठली एक गोष्ट आहे जी सगळ्यांनाच हलवेल?

हा प्रश्न विचारला की एक आकडा पुरत नाही हे आपोआप कळतं. ६२७ हा मधला आकडा झाला, पण खाली कुठपर्यंत आणि वर कुठपर्यंत? आम्ही असं केलं, समजा लग्न झालं आणि पाचशेच माणसं जेवली, तर काय झालं असेल? लगेच उत्तरं यायला लागली, मुहूर्त कामाच्या दिवसाचा आहे, परीक्षा आहेत, गावची यात्रा. मग समजा आठशे आली तर का आली असतील? गावाने गाडी केली, वऱ्हाड मोठं आलं. "असं होईल का" असं विचारलं तर माणूस नाही म्हणतो, आणि "झालंय, आता कारण सांग" म्हटलं की डोकं चालतं. एवढं बोलून आम्ही लिहिलं, ५४० ते ७३०, आणि त्याच्या बाहेर जायची शक्यता दहात एक.

हे "दहात एक" लिहिणं फार गरजेचं आहे आणि तिथेच बहुतेक लोक कमी पडतात, कारण आपला पट्टा, म्हणजे खालच्या आणि वरच्या आकड्यातलं अंतर, नेहमी अरुंद असतो. आत्ता करून बघा, मोबाइलवर न शोधता. कळसूबाई शिखराची उंची मीटरमध्ये, गोदावरीची लांबी किलोमीटरमध्ये, कोयना धरणाची साठवण क्षमता टीएमसीमध्ये (म्हणजे अब्ज घनफुटांत), मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची लांबी, लोणारच्या विवराचा व्यास. प्रत्येकाला खालचा आणि वरचा असे दोन आकडे लिहा, असे की खरं उत्तर त्या दोन आकड्यांच्या आत असेल याची तुम्हाला नव्वद टक्के खात्री वाटते. पट्टा कितीही मोठा घ्यायला मुभा आहे. लिहिलंत? उत्तरं अशी: १,६४६ मीटर, १,४६५ किलोमीटर, सुमारे १०५ टीएमसी, साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, जवळजवळ १.८ किलोमीटर. पाचपैकी पाच, निदान चार तरी आत यायला हवीत. माझ्या घरी सगळ्यांची दोन किंवा तीन आली. माहिती कमी असणं ही चूक नाहीये, माहिती कमी असताना पट्टा मोठा न करणं ही चूक आहे, आणि चांगली बाब अशी की हे सरावाने सुधारतं. आठवडाभर रोज पाच प्रश्न केले तरी हात सैल होतो.

हवामान खातं बघा. एप्रिलमधला मान्सूनचा अंदाज ते पट्ट्यात देतात, दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के, पाच टक्के इकडेतिकडे. २०२५ ला एप्रिलमध्ये १०५ टक्के म्हणाले आणि पडला १०८ टक्के, पट्ट्याच्या आत. २००९ ला मात्र एप्रिलचा अंदाज ९६ टक्के होता आणि पाऊस झाला ७८ टक्के, पट्टा सोडून कितीतरी खाली. आता बातमीत येतो फक्त "सरासरीइतका पाऊस" आणि शेतकरी त्यावर पेरणी ठरवतो, खरं तर तो देशभराचा चार महिन्यांचा आकडा असतो, तुमच्या तालुक्यातल्या जून महिन्याचं त्यात काही नसतं. अंदाज वाचताना तो नक्की कशाचा आहे आणि पट्टा केवढा आहे, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

शब्दांचंही तसंच. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मावसभावाने लिहिलं, "जमवतो, बघू." ताईला वाटलं तो येणार नाही. दाजींना वाटलं नक्की येणार. मला वाटलं निम्मंनिम्मं. तिघांनी तेच दोन शब्द वाचले! शर्मन केंट नावाचे अमेरिकी गुप्तचर विश्लेषक होते, १९५१ मध्ये त्यांच्या ऑफिसने अहवाल दिला की युगोस्लाव्हियावर हल्ल्याची "गंभीर शक्यता" आहे. नंतर त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, हे शब्द लिहिताना तुमच्या मनात किती टक्के होतं, तर कोणी २० म्हणालं कोणी ८०. म्हणजे एकाच अहवालावर सह्या करणारी माणसं आणि मनात केवढं अंतर. डॉक्टर "चान्सेस चांगले आहेत" म्हणतात तेव्हा हेच होतं, तिथे न लाजता विचारायचं, अशा शंभर पेशंटपैकी किती बरे होतात? घरातसुद्धा आम्ही ठरवलं की टक्के बोलायचे. सुरुवातीला अवघड जातं, मग बरं वाटतं, कारण "नक्की" म्हणणारा माणूस नव्वद की साठ विचारल्यावर स्वतःच विचारात पडतो.

आणि बोलायच्या आधी चिठ्ठीवर लिहायचं. पहिल्या दिवशी ताई पाचशे बोलली आणि मग आम्ही सगळे पाचशेभोवतीच फिरत राहिलो. दुसऱ्या खेपेला सात जणांनी गुपचूप चिठ्ठ्या लिहिल्या, ५६० पासून ८०० पर्यंत आल्या, चढत्या क्रमाने लावल्यावर मधली चिठ्ठी ६४० ची निघाली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली अशाच ७८७ चिठ्ठ्यांचा हिशोब छापला होता, प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल असा प्रश्न, मधली चिठ्ठी १,२०७ पौंडांची आणि खरं वजन १,१९८. हे घडतं कारण लोक एकमेकांचं ऐकून लिहीत नाहीत. मीटिंगमध्ये साहेबांनी आधी आकडा सांगितला की बाकी दहा डोक्यांचा उपयोग संपला.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आपली पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, जिला जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. शंभर पैसे म्हणजे पूर्ण पीक, पन्नासच्या खाली गाव आलं की जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ असल्या गोष्टी मिळू शकतात, म्हणून गावात त्यावर खूप बोलणं होतं. खरिपाची पैसेवारी तीनदा जाहीर होते, सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम. बघा काय सुंदर रचना आहे, नावातच सांगितलंय की पहिला आकडा नजरेचा आहे, पिकं उभी असताना शिवारात फिरून काढलेला, मग नवीन काय दिसतंय तसा तो बदलणार, आणि शेवटी निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाच्या तुकड्यावरचं पीक प्रत्यक्ष कापून वजन करणार. प्रत्यक्षात त्यात वाद होतात, आकडे फिरवल्याच्या तक्रारी होतात, ते वेगळं. पण अंदाज एकदा बोललो म्हणून त्याला चिकटायचं नाही, तो सुधारायचा आणि उघड सांगायचं की सुधारला, हे आपल्या महसूल खात्याच्या रीतीत आहे. घरात मात्र आकडा बदलला की लोक म्हणतात "तेव्हा तर वेगळंच बोलत होतास."

आम्ही पण सुधारित काढला, लग्नाच्या दहा दिवस आधी. सोसायटीच्या ८० घरांच्या यादीत दर चौथं नाव घेऊन वीस घरांना ताईने फोन केला. दर चौथं नाव मुद्दाम, कारण मनाने निवडली तर जवळच्यांनाच फोन जातो आणि जवळचे येणारच म्हणतात. वीसपैकी सहा घरांनी येतो सांगितलं, म्हणजे तीस टक्के, आम्ही चाळीस धरले होते. मग थेट तीस करायचे का? आम्ही पस्तीस केले, कारण वीस फोन म्हणजे थोडेच आणि नाही म्हणणारेही कधी कधी येतात. नवीन माहिती आली की आकडा हलवायचा, पण ती माहिती जेवढ्या वजनाची तेवढाच. उलट गावाकडून कळलं की दोन मिनीबस ठरल्यात, ही मात्र वजनदार बातमी होती, गाडी असली की घरटी माणसं वाढतात, म्हणून गावाचे ११५ चे १५४ केले. सगळं मिळून मधला आकडा ६५८ आणि पट्टा ५९० ते ७३०.

इथे दाजी म्हणाले, मग ६५८ सांगू केटररला? आणि इथेच खूप लोक घसरतात. माणसं किती येतील हा अंदाज आणि पानं किती सांगायची हा निर्णय, दोन वेगळ्या गोष्टी. मधला आकडा सांगितला तर जेवण कमी पडायची शक्यता जवळजवळ निम्मी. दहा पानं उरली तर काही हजार रुपये गेले, दहा माणसं उपाशी परत गेली तर ते गावात वीस वर्षं बोललं जातं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चुकांचं दुखणं सारखं नाही. दाजी पहिल्या दिवशी आठशे म्हणत होते ते खरं तर याच भीतीने, त्यांनी भीती अंदाजातच मिसळली होती. आधी अंदाज जमेल तेवढा प्रामाणिक काढायचा आणि भीती निर्णयात घालायची. आम्ही ७०० पानं सांगितली आणि वर चाळीस पानांचा शिधा कच्चा ठेवायला सांगितलं, भात, आमटी आणि पुऱ्या तासाभरात होतात, जिलेबी तेवढी जास्तीची आधीच काढून ठेवली. थोडे पैसे देऊन निर्णय तासभर पुढे ढकलता येत असेल तर ते पैसे वाया जात नाहीत, अनिश्चिततेत ही सोय आकडा सुधारण्याइतकीच कामाची असते.

लग्न झालं, केटररने प्लेटा मोजल्या, ६८८. शिधा उघडावा लागला नाही. आठवड्याने मी आणि ताई आहेराची वही आणि आमचा कागद घेऊन परत बसलो. नातेवाईक २१६ धरले होते, आले २२१. गाव १५४ ऐवजी १७१. ऑफिस ३८ ऐवजी २९, मित्रमंडळी २४ ऐवजी ३३. सोसायटी ५६ ऐवजी फक्त ३८, म्हणजे ताईच्या फोनवरचे तीस टक्केसुद्धा जास्तच होते. आणि वऱ्हाड १७० ऐवजी १९६, सगळ्यात मोठी चूक तिथे, दीडशे सांगितलेल्यावर आम्ही वीस वाढवले ते कमी पडले. ताईने वहीच्या शेवटच्या पानावर हे सगळे आकडे तारखेसकट लिहून ठेवले, कारण पुढच्या वर्षी आमच्या धाकट्याचं लग्न आहे आणि या वेळी वऱ्हाड घेऊन जाणारे आम्ही असू, तेव्हा मुलीकडच्यांना खरा आकडा आधीच कळवायचा असं तिने खाली अधोरेखित करून ठेवलंय.